जेवायला नखरे करणारा लाडका कुत्रा: नव्या पालकांसाठी पायऱ्या

घरात कुत्रा आला की दोन-तीन महिन्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हा काही खातच नाही हो." भांड्यातलं कोरडं खाणं सकाळपासून तसंच पडलेलं असतं. मग कोणी त्यावर चिकन घालतं, कोणी दूध-पोळी कुस्करून देतं, कोणी मांडीवर घेऊन एकेक घास भरवतं. वजन मात्र उतरत नाही, उलट कमरेचा बाक जाऊन पाठ पाटासारखी सपाट दिसायला लागते. वजन वाढतंय याचा अर्थ कुत्रा खातोय. फक्त भांड्यातलं खात नाही.

निरोगी कुत्र्याला नखरे घर शिकवतं. एखाद्या दिवशी उकाड्याने किंवा दात येत असल्याने तो जेवण सोडतो, घाबरून आपण त्यावर चिकनचे तुकडे टाकतो आणि त्याला कळतं की तोंड फिरवून थोडं थांबलं की याहून चांगलं ताट येतं. चार-पाच वेळा असं झालं की सवय पक्की होते. ती मोडायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्यातलं बहुतेक काम माणसांनी करायचं असतं.

पायरी १: आधी आजार नाही ना, हे बघा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. कालपर्यंत आवडीने जेवणारा कुत्रा आज अचानक खात नसेल, तर ते नखरे नसतात. लॅब्रॅडॉर किंवा बीगलसारख्या खादाड जातीच्या कुत्र्याने सलग दोन जेवणं सोडली तर तो आजारी आहे असंच धरून चाला.

आपल्याकडे भूक जाण्याचं मोठं कारण म्हणजे गोचीड-ताप. गोचिडीतून अर्लिकिया किंवा बबेसिया हे जंतू रक्तात जातात. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त, बबेसियात गडद तपकिरी लघवी अशी लक्षणं दिसतात. अंगावर आज गोचीड दिसत नाही म्हणून हा ताप नाही, असं होत नाही. शंका आली की डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसापेक्षा जास्त, त्यामुळे हात लावून "अंग गरम लागतंय" यावरून काही ठरत नाही. आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी कधीही देऊ नका. दोन्ही कुत्र्याला घातक आहेत.

दुसरं कारण दातांचं. वयाची तीन वर्षं ओलांडली की बहुतेक कुत्र्यांच्या दातांवर कीटण असतं. शिह त्झू, लासा, पॉमेरेनियन अशा लहान जातींत तर दुधाचे दात न पडता नव्या दातांना चिकटून राहतात. तोंड दुखणारा कुत्रा भांड्यापाशी उत्साहाने येतो, दाणा उचलतो, खाली टाकतो, एकाच बाजूने चावतो किंवा मऊ तेवढंच खातो. घरच्यांना वाटतं, याला आता पोळीच आवडते.

पिल्लांचे पक्के दात साधारण साडेतीन ते सहा महिन्यांत येतात, तेव्हा भूक थोडी कमी-जास्त होते. लस टोचल्यावर एखादा दिवस खाणं कमी होतं. माजावर आलेली मादी आणि जवळपास अशी मादी असलेला नर, दोघांचंही जेवणात लक्ष नसतं. माज संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी काही माद्यांना खोटी गर्भधारणा होते, तेव्हाही भूक जाते. हे सगळं तात्पुरतं असतं. अशा दिवसांत नवे चविष्ट पदार्थ सुरू केले तर कारण निघून जातं आणि पदार्थांची मागणी मागे राहते.

पोट फुगलंय, ओकारीचा उबळ येतोय पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा अस्वस्थ फेऱ्या मारतोय, असं दिसलं तर तासाभराचीही वाट बघू नका. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर पिळलं जातं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब, पाणीही न पिणं, पिवळ्या किंवा पांढऱ्या हिरड्या, यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गुंतागुंतीच्या आजारात किंवा जवळच्या दवाखान्यात निदान होत नसेल तर तिथल्या रुग्णालयांचा उपयोग होतो.

भूक आहे की नाही हे ताडायला एक साधी चाचणी आहे. भांडं उचलून तासभर झाला की वेगळ्या खोलीत नखाएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवा. झडप घातली तर भूक शाबूत आहे. तुकडा हुंगून मान वळवली तर डॉक्टरांना फोन करा. ही चाचणी भांड्यापाशी कधीच करायची नाही, नाहीतर तीच त्याला बक्षीस वाटते.

पायरी २: दिवसाचा हिशोब कागदावर

गरज काढायची रीत सोपी आहे आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर होते. कुत्र्याचं किलोतलं वजन तीन वेळा गुणा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ही झाली पडून राहिलेल्या शरीराची गरज. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणायचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दिवसातून दोनदा खाली जाऊन येणाऱ्या निवांत कुत्र्याला १.४ सुद्धा पुरतं.

उदाहरण म्हणून सहा किलोचा शिह त्झू घेऊ. ६×६×६ म्हणजे २१६, वर्गमूळ १४.७, पुन्हा वर्गमूळ ३.८३, गुणिले ७० म्हणजे २६८. ते १.६ ने गुणलं तर साधारण ४३० कॅलरी, १.४ ने गुणलं तर ३७५. दहा किलोच्या कुत्र्याला १.६ ने साधारण ६३०, वीस किलोच्याला १,०६०, तीस किलोच्याला १,४४० च्या आसपास.

आता त्याच शिह त्झूचा "काहीच न खाल्लेला" दिवस मोजू. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन मारी बिस्किटं, संध्याकाळी आणखी दोन, मिळून १००. आजीने तूप लावून दिलेली अर्धी पोळी, अंदाजे १००, कारण एक लहान चमचा तूपच ४५ कॅलरीचं असतं. मुलांच्या डब्यातला चीजचा एक क्यूब, ७५ ते ८०. भाजी करताना पनीरचे दोन-तीन तुकडे, म्हणजे ३० ग्रॅम, ८५ च्या पुढे. एकूण साडेतीनशेच्या वर गेलं. याचं पोट भरलेलं आहे. संध्याकाळी भांड्याकडे न बघणं हे त्याचं अगदी योग्य वागणं आहे.

म्हणून पुढचे तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. फ्रिजवर कागद चिकटवा आणि कुत्र्याच्या तोंडात जे जाईल ते, देणाऱ्याच्या नावासह, प्रत्येकाने नोंदवा. कामाला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, खालचा वॉचमन यांनाही विचारा. इमारतीतला लाडका कुत्रा चार घरी बिस्किटं खाऊन वर येतो, हे घरच्यांना ठाऊक नसतं.

वजनही याच वेळी करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. शरीर हाताने तपासा. बरगड्यांवर हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बरगड्या सापडायला दाबावं लागत असेल तर तुमच्या कुत्र्याला जास्त खायला घालण्याची गरजच नाही. खूप घरांत ही चिंता इथेच संपते.

पायरी ३: घरातल्या सगळ्यांचा एक ठराव

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे. आजी-आजोबांना "देऊ नका" म्हणून सांगितलं की ते दुखावतात, आणि मग लपून दिलं जातं. त्यांचं देणं बंद करायचं नाही, ते एका डबीतून करायचं. रोज सकाळी एका छोट्या डबीत दिवसाचा सगळा खाऊ भरून ठेवा. घरातल्या प्रत्येकाने त्यातूनच द्यायचं, डबी रिकामी झाली की दिवस संपला. डबीत एकूण गरजेच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. आपल्या सहा किलोच्या कुत्र्यासाठी ते ४० कॅलरी होतात, म्हणजे २५ ग्रॅम उकडलेलं चिकन, नखाएवढ्या तुकड्यांत. कुत्र्याला तुकड्याचा आकार कळत नाही, किती वेळा मिळालं ते कळतं. पंचवीस ग्रॅमचे चाळीस तुकडे केले तर आजोबांना दिवसभर देता येतं आणि त्यांचा आनंद तसाच राहतो. काकडी, कच्चं गाजर, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद यांनी डबी मोठी दिसते.

ठरावात आणखी तीन गोष्टी हव्यात. माणसांच्या ताटातून काही नाही, कोणाच्याही. भांड्यात एकानेच वाढायचं, किमान पहिले दोन आठवडे. आणि जेवताना कुत्र्याभोवती उभं राहून "खा ना रे, बाळा, एक घास" असं म्हणायचं नाही. या आर्जवाने कुत्रा बिचकतो किंवा त्याला खेळ वाटतो. दोन्हीत जेवण मागे पडतं.

एका माणसाने आठवड्यातून एकदा जरी ठराव मोडला तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते. रोज मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या गोष्टीसाठी कुत्रा जास्त चिवटपणे हट्ट धरतो.

पायरी ४: पंधरा मिनिटांची वेळ

ही पद्धत कोणासाठी नाही ते आधी. सहा महिन्यांखालचं पिल्लू, तीन किलोच्या आतला कुत्रा, इन्शुलिनवर असलेला मधुमेही, गाभण किंवा दूध पाजणारी मादी, म्हातारा किंवा आजारी कुत्रा यांना उपाशी ठेवायचं नाही. अगदी लहान जातीच्या पिल्लांत काही तासांच्या उपवासाने रक्तातली साखर घसरून झटके येऊ शकतात. पिल्लांना दिवसातून तीन ते चार वेळा खाणं लागतं. त्यांच्यासाठी पायरी ३ आणि पुढची पायरी ५ एवढंच करा.

बाकी निरोगी मोठ्या कुत्र्यांसाठी रोजचा क्रम असा:

१. जेवणाच्या दोन वेळा ठरवा, उदाहरणार्थ सकाळी आठ आणि रात्री आठ. दिवसभर भरलेलं भांडं ठेवण्याची सवय असेल तर ती पहिल्याच दिवशी बंद.

२. जेवणाआधी फिरवून आणा, अर्धा तास तरी. परत आल्यावर धाप बसू द्या, पाणी पिऊ द्या आणि वीस-तीस मिनिटांनी वाढा.

३. दिवसाचं खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो. आपल्या कुत्र्याच्या ४३० मधून डबीचे ४० वजा करून ३९० उरले. पाकिटावर ३७० लिहिलं असेल तर दिवसाला १०५ ग्रॅम, म्हणजे एका वेळी पन्नास-बावन्न ग्रॅम. वाटीने मोजलं तर दाण्याच्या आकारानुसार मोठा फरक पडतो.

४. एकाच ठरलेल्या कोपऱ्यात भांडं ठेवा आणि आपल्या कामाला लागा. त्याच्याकडे बघू नका.

५. पंधरा मिनिटांनी भांडं उचला. निम्मं खाल्लं असेल तरी उचला. रागवायचं नाही, समजूत घालायची नाही.

६. पुढच्या जेवणापर्यंत फक्त पाणी, आणि डबीतला खाऊसुद्धा पहिले चार-पाच दिवस निम्माच. पुढच्या वेळीही नेहमीएवढंच वाढा, राहिलेलं त्यात मिळवू नका.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण कुत्र्यालाही लागू पडते, पण तिला मर्यादा घाला. चोवीस तास पोटात काहीच गेलं नाही तर, कुत्रा टवटवीत असला तरी, डॉक्टरांना फोन करून विचारा. अठ्ठेचाळीस तास झाले तर घेऊनच जा. बहुतेक निरोगी कुत्रे इतकं ताणत नाहीत. एक-दोन जेवणं सोडतात, तिसऱ्याला थोडं खातात, चौथ्या-पाचव्या दिवशी भांडं चाटून पुसून ठेवतात.

मधे काय बिघडतं ते आधीच माहीत असलेलं बरं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हट्ट वाढतो. कुत्रा फ्रिजपाशी बसून भुंकतो, पंजा मारतो, जेवणाच्या टेबलाखालून कण्हतो. जुनी युक्ती चालेना म्हणून तो ती आणखी जोरात करून बघत असतो. बहुतेक घरं नेमकी इथे हार मानतात, आणि मग त्याला कळतं की तीन दिवस भुंकल्यावर मिळतं. पुढच्या वेळी तीन दिवसांपर्यंत तो सहज थांबतो. म्हणून सुरुवात अशा आठवड्यात करा की घरी पाहुणे नाहीत, परीक्षा नाहीत आणि शेजाऱ्यांनाही आवाजाची कल्पना दिलेली आहे.

सकाळी पिवळ्या फेसाची उलटी झाली तर घाबरू नका. रात्रीचं जेवण सोडलं की रिकाम्या पोटात पित्त वर येतं. एकदाच झाली आणि कुत्रा खेळकर असेल तर रात्रीची वेळ दहापर्यंत पुढे न्या, किंवा झोपताना दिवसाच्याच हिश्शातले दहा-पंधरा दाणे द्या. रोज व्हायला लागली तर डॉक्टरांना दाखवा.

हातानेच खाणाऱ्या कुत्र्याचा हात एकदम सोडवू नका. पहिले दोन दिवस हात भांड्याच्या आत धरून त्यातून खाऊ द्या, पुढचे दोन दिवस हात भांड्याच्या काठावर, मग भांड्याशेजारी जमिनीवर, आणि शेवटी तुम्ही नुसते शेजारी बसलेले. एखाद्या टप्प्यावर अडला तर एक टप्पा मागे या, पण पहिल्या टप्प्यावर परत जाऊ नका.

पायरी ५: भांडं आणि त्यातलं खाणं

कुत्रा आधी नाकाने जेवतो. त्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या सुमारे १,७०० असतात, माणसाच्या जिभेवर सुमारे ९,०००. त्याचं नाक मात्र आपल्यापेक्षा कितीतरी तल्लख असतं. त्यामुळे मीठ-मसाल्याची गरज नसते, वास उठला पाहिजे. पन्नास ग्रॅम कोरड्या खाण्यावर दोन मोठे चमचे गरम पाणी घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा, मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल एवढं झालं की वाढा. एवढ्यानेच पुष्कळ कुत्रे खायला लागतात. भिजवलेलं खाणं उन्हाळ्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

याने भागलं नाही तर चिकनचं पाणी करून ठेवा. हाडांसकट २०० ग्रॅम चिकन अर्धा लिटर पाण्यात उकळा. मीठ, कांदा, लसूण, आलं काही नाही. गाळा, हाडं एकूण एक काढून टाका, फ्रिजमध्ये ठेवून वर आलेला चरबीचा थर काढा आणि पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका जेवणाला एक घन, गरम पाण्यात विरघळवून सगळ्या दाण्यांना लागेल असा. दोन आठवड्यांनी अर्धा घन, आणखी आठवड्याने पाव, मग नुसतं गरम पाणी. चिकनचे तुकडे वरून टाकण्यात अडचण अशी की कुत्रा तेवढे वेचून खातो आणि दाणे बाजूला सारतो. तुकडे द्यायचेच तर मिक्सरमधून काढून दाण्यांना चोळा आणि त्यांच्या कॅलरी हिशोबात धरा.

शिळ्या खाण्याचा संशय आधी घ्या. दहा-पंधरा किलोचं मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून लहान कुत्र्यासाठी आणलं जातं आणि तीन महिने उघडं राहतं. दाण्यांवरची चरबी खवट होते. आपल्याला फारसं जाणवत नाही, कुत्र्याला पहिल्या हुंगण्यातच कळतं. पोतं उघडल्यावर पाच-सहा आठवड्यांत संपेल एवढंच घ्या. मूळ पाकिटासकट हवाबंद डब्यात ठेवा, कारण डब्यात नुसतेच दाणे ओतले तर आधीच्या दाण्यांची खवट चरबी डब्याला चिकटून नव्यांना लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दाणे सादळतात, बुरशीही धरते. ओलसर वास आला तर अख्खं पाकीट टाकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका.

भांड्याचंही बघा. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला खोल वाडग्यातून दाणे उचलता येत नाहीत, त्याला पसरट ताटली लागते. गळ्यातला बिल्ला स्टीलच्या भांड्यावर वाजला तरी भित्रा कुत्रा मागे सरतो. फरशीवर घसरणाऱ्या भांड्याखाली रबरी चटई ठेवा. घरात दोन कुत्रे असतील तर वेगळ्या खोल्यांत वाढा.

औषधाची गोळी रोजच्या जेवणात कधीच लपवू नका. एकदा कडू लागली की कित्येक दिवस ते जेवणच संशयाचं ठरतं. गोळीसाठी वेगळा पदार्थ, वेगळी वेळ, वेगळी जागा. औषधाच्या दुकानातून भूक वाढवण्याचं सिरपही आपल्या मनाने आणू नका.

खाणं बदलायचं असेल तर सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललं की जुलाब होतात आणि दोष नव्या खाण्यावर जातो. दर पंधरा दिवसांनी नवा ब्रँड आणणं हे नखरे शिकवण्याचंच एक रूप आहे. पूर्ण आहार असलेलं आणि त्याला मानवलेलं एकच खाणं वर्षानुवर्षं दिलं तरी कुत्रा कंटाळत नाही.

घरचंच जेवण द्यायचं असेल तर

घरचं जेवण वाईट नाही, अपुरं दिलेलं जेवण वाईट. दूध-पोळी, दही-भात किंवा नुसतं चिकन-भात हे पूर्ण अन्न नव्हे. चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही. असं खाणाऱ्या वाढत्या पिल्लाचं शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं, पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. मोठ्या कुत्र्याला दर १,००० कॅलरीमागे किमान सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याचं कवच धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये पिठासारखं केलं तर त्याच्या अर्ध्या लहान चमच्यात साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. आपल्या सहा किलोच्या कुत्र्याला रोज पाव चमचा झाला. पण जस्त, तांबं, आयोडिन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची उणीव कवचाने भरत नाही. म्हणून प्रमाण आणि पूरक पावडर डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि पिल्लांसाठी तर घरचा प्रयोग करूच नका.

शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर काम सोपं होतं, एका उकडलेल्या अंड्यात ७०-७५ कॅलरी आणि उत्तम प्रथिनं असतात. तेही चालत नसेल तर पूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं शाकाहारी कोरडं खाणं वरण-भातापेक्षा सुरक्षित. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, ताक-दही बरं.

काही पदार्थ थोडेसुद्धा नकोत. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंड बंद पाडू शकतात, आणि द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल चिंचेतही असतं, म्हणून चिंचेची आमटी नको. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्याने हा धोका जात नाही, त्यामुळे रस्सा धुऊन दिलेलं मटणही चालत नाही. चॉकलेट, झायलिटॉल असलेला च्युइंग गम किंवा साखरविरहित गोड पदार्थ, दारू आणि शिजवलेली हाडं हीसुद्धा त्याच यादीत. शिजवलेलं हाड काचेसारखं फुटतं आणि आतड्यात रुततं.

श्रावण, गणपती आणि बाहेरगाव

बसवलेली घडी सणासुदीत विस्कटते. श्रावणात घरात चिकन येणं बंद होतं आणि चिकनचं पाणी घालून खाणारा कुत्रा पहिल्याच आठवड्यात भांडं सोडतो. आषाढ अमावास्येच्या पंधरा दिवस आधीपासून घन कमी करत आणा, किंवा महिनाभराचे घन आधीच गोठवून ठेवा, घरच्यांची हरकत नसेल तर. गटारीला उरलेला मटणाचा रस्सा आणि चरबी कुत्र्याला घालू नका. एवढ्या तेला-चरबीने स्वादुपिंडाला सूज येते. वारंवार उलट्या, पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, पोटाला हात लावू न देणं ही त्याची लक्षणं.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि प्रत्येक जण मोदकाचा तुकडा पुढे करतो. दाराशीच डबी ठेवा आणि येणाऱ्याला सांगा की द्यायचं तर यातलं द्या. पुरणपोळीत तूप-गुळाबरोबर जायफळ असतं, तेही कुत्र्याला मानवत नाही. आरतीच्या झांजा आणि दिवाळीतले फटाके यांनी भेदरलेला कुत्रा जेवत नाही. त्या दिवसांत पंधरा मिनिटांचा नियम ताणू नका. शांत खोलीत, गोंगाट सुरू होण्याआधी वाढा.

मार्च ते मे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सकाळचं जेवण उन्हं चढण्याआधी आणि रात्रीचं उशिरा द्या. या महिन्यांत थोडं कमी खाणं स्वाभाविक आहे, पाणी मात्र दर किलोला दिवसाला ५० ते ६० मिली तरी पोटात गेलं पाहिजे.

कुत्र्याला काही दिवस दुसरीकडे ठेवायचं असेल तर त्याचं खाणं प्रत्येक वेळेच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरून द्या, नेहमीचं भांडं आणि चटईही द्या. पहिल्या दिवशी तो कमी खाईल हे सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर तो काळजीने चिकन-भात सुरू करतो. परत आल्यावर त्याच दिवसापासून दोन वेळा, पंधरा मिनिटं आणि डबी. वजन दर पंधरा दिवसांनी लिहा. नियम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात ते मुद्दाम कमी न करताच पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे सहा किलोच्या कुत्र्यात ३०० ग्रॅमपेक्षा अधिक, तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. तीन दिवसांची नोंद आणि वजनाचे आकडे समोर असले की त्यांनाही कारण शोधणं सोपं जातं.